उपस्थात्याचेही ऐकावे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. व्याख्यानांत आपण त्यांचा गौरव करतो. परंतु उपस्थात्याचे दोन शब्द ऐकण्यास आपणांस सवड नसते. याची प्रचीती आम्हांस आमच्याच पंचकर्म विभागात आली.

एका रुग्णाची अनुवासन बस्तिचिकित्सा चालू होती. दुसऱ्या दिवशी निरूह द्यावा, असे आम्ही परिचारकास जाता जाता सांगितले. स्वागतकक्षास ते कोणीच कळविले नाही. तेथील भगिनींनी रुग्णास नेहमीप्रमाणे जेवून येण्यास सांगितले. अनुवासन भोजनोत्तर, निरूह मात्र रिकाम्या पोटी! परिचारकाने चौकशी करून निरूह देण्यास नकार दिला, शब्दाने शब्द वाढला आणि आम्ही रुग्णासमक्ष परिचारकासच बोल लावला. वस्तुतः रुग्णाचे रक्षण त्यानेच केले होते. चूक आमच्या तोंडी आदेशाची होती. ती उमगेपर्यंत त्याचा राजीनामा आमच्या टेबलावर आला होता.

औषधविक्रेत्यांचा अनुभव याहून निराळा नसावा. वैद्याने महायोगराज गुग्गुळ लिहिला, साठा संपला म्हणून सहायकाने न विचारता योगराज दिला, की वैद्य दुकानदारावर आणि दुकानदार सहायकावर संतापतो. महायोगराजात भस्मे असतात, हा भेद त्या सहायकास कोणी शिकविला होता काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

चढलेला आवाज हे केवळ लक्षण होय. संदिग्ध सूचना, अपुरे शिक्षण आणि चारचौघांतील अपमान हे त्याचे हेतू. हेतू तसेच ठेवून माणूस बदलला, तर नव्या माणसाबरोबर जुनाच कलह पुन्हा उद्भवतो.

विमानस्थानात संधाय आणि विगृह्य असे संभाषेचे दोन प्रकार आले आहेत. पहिली ज्ञान वाढविण्यासाठी, दुसरी प्रतिपक्षास जिंकण्यासाठी. सहकाऱ्यांशी बोलताना आपण नकळत दुसरीच पत्करतो. पहिलीचा अभ्यास करावा लागतो. सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्म कोहळ्यावर आणि बस्तिकर्म पाण्याने भरलेल्या घटावर गिरवून घेण्यास सांगितले. नेतृत्वासही अशीच योग्या हवी. ते भाषणे ऐकून येत नाही.

आम्ही तीन नियम केले. उपचारातील प्रत्येक बदल फलकावर लिहावा व दोघांनी वाचल्याची सही करावी. आठवड्यातून अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे. सर्वांत कनिष्ठाने प्रथम बोलावे, वैद्याने शेवटी. महिन्यातून एकदा अर्धा दिवस स्वागतकक्षातील व्यक्तीने पंचकर्म कक्षात, तर परिचारकाने स्वागतकक्षात, केवळ निरीक्षणासाठी थांबावे. ज्यांच्यासमोर परिचारकास बोललो, त्यांच्यासमोरच आम्ही आमची चूक मान्य केली. राजीनामा मागे घेतला गेला.

अर्थात प्रत्येक तक्रार संवादाने मिटवावयाची नसते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 चा कायदा आहे. दहा वा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती अनिवार्य आहे. त्याहून लहान आस्थापनेतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तेथे 'घरातले घरात' हे धोरण अन्यायकारक ठरते.

लहान चिकित्सालयांस एवढा वेळ कोठून मिळावा, असे काही वैद्यबंधू म्हणतील. आमचे नम्र उत्तर इतकेच की, अनुभवी परिचारक गमावून नवा घडविण्यास त्याहून फार अधिक वेळ लागतो. चार पादांपैकी एक पाद दुखावलेला असताना चिकित्सा सरळ कशी चालेल?