शंभरातली एक

माझ्या नांदेडच्या मित्राचा मुलगा लातूरला डाळमिल चालवतो. आठवड्यातून एकदा तरी लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत ये-जा असते त्याची. गाडी चालवणं ही त्याची खरी आवड आहे. ड्रायव्हर ठेवण्याची ऐपत असून ठेवत नाही. त्याला स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस हवी आहे. परवा त्याचा फोन आला, “काका, पुढची खेप आली आणि शोरूमच्या भावात मिळाली तर घेऊ का? आणि तोवर कुणी स्वतःची गाडी सोडत असेल, तर वर तीन-चार लाख देऊ का?”

एका दमात त्याने दोन प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. पहिल्याला माझं उत्तर ‘घे’ असं आहे, काही अटींवर. दुसऱ्याला ‘अजिबात नको’, आणि तिथे एकही अट नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने या गाड्या भारतासाठी आणल्या त्या फक्त १००. एक्स-शोरूम किंमत ४९ लाख ९९ हजार. बुकिंग सुरू झालं आणि विक्रीची अधिकृत घोषणा होण्याआधीच सगळ्या संपल्या. त्याच वर्षी मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली. पहिली खेप १५० गाड्यांची, किंमत ५२ लाख ९९ हजार. त्याही किंमत जाहीर होण्याआधी गेल्या. दोन्ही गाड्यांत दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २६५ अश्वशक्तीचं. शून्यापासून शंभरचा वेग गोल्फ ५.९ सेकंदांत गाठते, ऑक्टेव्हिया ६.४ सेकंदांत.

मग शंभरच का? परदेशी मानकांनुसार तपासलेल्या गाड्या कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत भारतातल्या वेगळ्या चाचणी-मंजुरीशिवाय आणता येतात. त्या सवलतीत राहून, इथे कारखान्यात पैसा न घालता, कंपन्या अशा गाड्यांची थोडी-थोडी खेप आणतात. म्हणजे शंभर हा आकडा कंपनीने ठरवलेला आहे. पुढच्या वर्षी तिला वाटलं तर ती आणखी आणू शकते. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ ची बॅटमॅन आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आधी ३०० गाड्यांची जाहीर झाली. मागणी पाहून कंपनीने ती ९९९ केली आणि १३५ सेकंदांत सगळ्यांचं बुकिंग झालं. ‘फक्त ३००’ म्हणून जो हरखला होता, त्याची गाडी काही दिवसांतच हजारातली एक झाली.

इथे एक फरक मात्र मी मानतो. बॅटमॅन आवृत्तीत मोटर, बॅटरी सगळं नेहमीच्या बीई ६ चंच. रंग, चिन्हं आणि आतली सजावट वेगळी, त्यासाठी ८९ हजार जास्त. आरएसचं तसं नाही. तिच्यातलं इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक यांचा जो मेळ आहे, तो आज आपल्याकडे त्या पैशात दुसऱ्या सेडानमध्ये सहजी सापडत नाही. म्हणून छापील किमतीला ती मिळत असेल तर घासाघीस करायला जागा नसली तरी मला वाईट वाटणार नाही. चांगल्या मालाचा सांगितला भाव देण्यात कमीपणा कसला?

पण वरचे पैसे? आमच्या पिढीला ‘ऑन’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. बजाज चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली माणसं आजही घरोघरी आहेत. १९६० सालापासून स्कूटरच्या वाटपावर सरकारी नियंत्रण होतं. त्या काळात वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची आणि लोक हसतमुखाने ऑन द्यायचे. मग १९८५ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, स्पर्धक आले, उत्पादन वाढलं, आणि ऑन बघता बघता नाहीसा झाला. ज्याने शेवटी-शेवटी ऑन दिला होता त्याचे पैसे कुणी परत केले नाहीत.

आजच्या गाडीवरचा ऑन तर त्याहून तोट्याचा. त्या मुलाला मी कागद-पेन्सिल घ्यायला लावली. वरचे चार लाख बिलावर येणार नाहीत. बिलावर नाहीत म्हणून बँक त्यावर कर्ज देणार नाही. विमा कंपनी गाडीची किंमत धरते ती कंपनीच्या जाहीर किमतीवरून, घसारा वजा करून: सहा महिने ते वर्षभरात १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के, पाचव्या वर्षात ५० टक्के. उद्या गाडी चोरीला गेली किंवा पार चेपली, तर ते चार लाख विम्याच्या हिशोबात कधी नव्हतेच. बरं, ते मागितले जातात बहुतेक रोखीत. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख एका व्यवहारात घेणं आयकर कायद्याने मना आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. म्हणून पावतीही मिळत नाही. मोंढ्यात वाढलेल्या मुलाने पावतीशिवाय चार लाख द्यावेत, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, गाडी दुर्मिळ आहे, विकताना पैसे निघतील. आरएसला जुन्या बाजारात मागणी असते हे खरं आहे. पण आयात गाडीच्या किमतीचा मोठा भाग कर असतो, आणि कर सरकारच्या हातात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. मोठ्या गाड्यांवर उपकर धरून ५० टक्क्यांच्या आसपास जाणारा कर ४० टक्क्यांवर आला. ज्यांनी उन्हाळ्यात पूर्ण किंमत मोजून गाडी घेतली होती, त्यांच्या गाडीची छापील किंमतच खाली आली. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचं ठरलं आहे. ही दिशा पाहता आजची आयात गाडी उद्या महाग विकली जाईल या भरवशावर कुणी पैसे घालू नयेत.

छापील किंमत म्हणजे तरी काय? ५० लाखांवर आरटीओचा एकरकमी कर येतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तो १३ टक्के. गाडी परदेशातून आणलेली असेल किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. म्हणजे नुसता कर १० लाख. विमा वेगळा. एक टक्का टीसीएस भरावा लागतो, तो विवरणपत्रात वळता होतो इतकंच समाधान. ४० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता ८३ हजार आणि एकूण व्याज ९ लाख ८२ हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने नुसत्या एक्स-शोरूम किमतीसाठी ९३८ क्विंटल सोयाबीन लागतं, आणि बाजारात तो भाव मिळवताना शेतकऱ्याची काय दमछाक होते, हे लातूरच्या मार्केट यार्डात रोज दिसतं.

हे लिहिताना औरंगाबादची २०१० सालची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. शहराचं नाव देशभर व्हावं, ही त्यामागची इच्छा होती आणि तसं झालंही. त्यातल्या ४० कोटींहून अधिक रकमेचं कर्ज स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी दिलं. पी. साईनाथ यांनी तेव्हा ‘द हिंदू’त त्याच्याशेजारी ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर मांडला: सुमारे १२ टक्के. तो लेख मला आजही अस्वस्थ करतो. मर्सिडीज घेणाऱ्यांचा मला राग नाही. स्वस्त पैसा कुणाच्या दाराशी चालत जातो आणि कुणाला त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात, याचा आहे. आपल्या भागात पैसेवाल्याने महागडी गाडी घेतली की लोक कुजबुजतात, आणि त्या कुजबुजीमागे असूयेपेक्षा हा हिशोब जास्त असतो, असं मला वाटतं.

तरीही कष्टाने कमावलेल्या, कर भरलेल्या पैशातून एखाद्याने मनासारखी गाडी घ्यावी, याच्या मी बाजूने आहे. पुण्या-मुंबईच्या तरुणाने घेतली तर ती आवड, आणि लातूर-नांदेडच्या तरुणाने घेतली तर ती शोबाजी, हा भेद मला मान्य नाही. गावात मिरवण्यासाठी घ्यायची असेल तर मात्र ही गाडी चुकीची आहे. लातूरच्या गंजगोलाईत उभी केली तर दहातल्या नऊ जणांना ती साधी सेडान वाटेल. तिची मजा चालवणाऱ्यालाच कळते, आणि तीही मोकळ्या रस्त्यावर. तो रस्ता आपल्याकडे किती आहे? समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, पण नांदेडचा जोडरस्ता अजून व्हायचा आहे. तोवर लातूर-नांदेड म्हणजे उसाच्या हंगामात बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या, गावागावांत अचानक उगवणारे गतिरोधक आणि अंधारात रस्ता ओलांडणारी गुरं. बुटक्या टायरांची, जमिनीलगतची गाडी या रस्त्यावर जपूनच न्यावी लागते. ताशी २५० चा वेग कागदावर आहे. समृद्धीवरसुद्धा मर्यादा १२० आहे. या गाडीची खरी गंमत वेगापेक्षा अहमदपूरच्या बाजूच्या बालाघाटच्या वळणांवर, पहाटे, रस्ता रिकामा असताना आहे. त्या वळणांसाठी कुणी पैसे मोजत असेल तर मला ते समजतं.

माझ्या अटी मी त्याला सांगितल्या. आधी चालवून बघायची. शंभरातली ती मिळत नसेल तर तेच इंजिन असलेली दुसरी. टायरच्या जोडीचा भाव, सर्व्हिसला गाडी कुठे न्यावी लागेल आणि सुटा भाग यायला किती दिवस लागतात, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यायचं. हँडलिंग, लॉजिस्टिक असल्या नावाने काही लावलं तर कशाचं ते विचारायचं आणि विमा बाहेरून घ्यायला मोकळं राहायचं. निम्मी रक्कम तरी स्वतःची असावी. आणि दहा वर्षं ठेवायची तयारी असेल तरच घ्यायची.

मग मी मिलची चौकशी केली. नवं सॉर्टेक्स मशीन घेतलं आहे, त्याचे हप्ते २०२७ पर्यंत आहेत, असं तो म्हणाला. म्हटलं, मग ही खेप जाऊ दे. आरएस भारतात पहिल्यांदा २००४ मध्ये आली. मग २०१७ मध्ये आरएस २३०, एक्स-शोरूम साडेचोवीस लाखांच्या घरात. मग २०२० मध्ये आरएस २४५, फक्त २००, किंमत ३६ लाखांना हजार कमी. आणि आता ही. दर वेळी लोकांना वाटलं की ही शेवटची. तो म्हणाला, “पण काका, पुढची साठ लाखांची असली तर?” असेलही. तेव्हा मशीनचं कर्ज फिटलेलं असेल, आणि साठ लाख छापील असतील तर साठच द्यावेत.