ट्रॅक्टरचे गिरमिट

बंगळूरच्या जयनगर भागातून भर दुपारी पायी जाण्याचा प्रसंग आला तरी उन्हाचा फारसा त्रास होत नाही. १९४८ साली तत्कालीन गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते ज्या वसाहतीची पायाभरणी झाली, तिच्या कित्येक रस्त्यांवर आज झाडांच्या कमानी उभ्या आहेत. पुढे १९८० नंतरच्या दशकात वनाधिकारी नेगिनहाळ यांच्या देखरेखीखाली या शहरात सुमारे १५ लाख रोपे लावली गेली. सावलीचे कौतुक सर्वच करतात. परंतु १५ लाख रोपे म्हणजे १५ लाख खड्डे, हा हिशेब सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो आला म्हणजे, आता खेडोपाडी भाड्याने मिळू लागलेल्या खड्डे पाडणाऱ्या यंत्राविषयी साहजिकच कुतूहल वाटू लागते.

हे यंत्र म्हणजे सुताराच्या गिरमिटाचाच थोरला भाऊ होय. ट्रॅक्टरच्या मागे तीन दांड्यांवर ते टांगलेले असते. ट्रॅक्टरच्या पाठीमागील फिरता दांडा, ज्यास शेतकरी ‘पी.टी.ओ.’ म्हणतात, मिनिटास ५४० फेरे घेतो; दातेरी चाकांच्या पेटीतून ती गती कमी होऊन उभ्या मळसूत्रास मिळते. मळसूत्राच्या टोकास पोलादी पाती असतात. ती माती कापतात व पिळाच्या वाटेने माती वर येते. अर्ध्या फुटापासून दोन फुटांपर्यंत रुंदीची मळसूत्रे मिळतात व खोली साधारणपणे तीन फुटांपर्यंत जाते. मऊ व किंचित ओलसर जमिनीत एक भोक दोन-तीन मिनिटांत पडते.

कुंपणाच्या कामी याला तोड नाही. चौरस आकाराच्या एक एकर जमिनीचा घेर सुमारे ८३५ फूट भरतो. दहा-दहा फुटांवर खांब रोवावयाचे तर ८४ भोके हवीत. पहारीने खणलेला खड्डा वर रुंद व खाली निमुळता होतो, आणि खांबाभोवती पुष्कळ भर घालून ठोकावी लागते. यंत्राचे भोक सरळ व एकसारखे असल्याने खांब घट्ट बसतो. बंगळूरच्या आसपास कुंपणाला दगडी खांब वापरण्याची रीत आहे. अशा जड खांबांना तर सारख्या खोलीचे भोक फारच सोयीचे पडते.

मात्र हे सर्व मातीच्या मर्जीवर अवलंबून आहे. जयनगरच्या उत्तरेस लालबागेत जो प्रचंड खडक उघडा पडला आहे, त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे सांगतात. त्याच जातीचा खडक या परिसरात लाल मातीखाली कोठे हातभर तर कोठे पुरुषभर खोलीवर पसरलेला आहे. मळसूत्र त्यास लागले की पाती बोथट होतात आणि काम थांबते. याचे कारण असे की ट्रॅक्टरची हायड्रॉलिक व्यवस्था अवजार उचलते, खाली दाबीत नाही. मळसूत्र केवळ आपल्या वजनाने व पात्यांच्या ओढीने उतरत असते. कोकणातील जांभा किंवा देशावरील कठीण मुरूम येथेही हाच अनुभव येतो. तेथे पहारच बरी.

काळ्या जमिनीचा प्रश्न निराळा. उन्हाळ्यात ती दगडासारखी घट्ट असते, पावसाळ्यात पिळाला चिकटून सुटत नाही. वाफसा आला म्हणजेच यंत्र लावावे. तरीही फिरत्या पात्याने भोकाच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्यांतून पाणी झिरपत नाही, आणि रोपाची मुळे कुंडीत फिरावीत तशी आतल्या आतच फिरतात. यास्तव पहारीच्या टोकाने भिंती खरवडून घेतल्यावाचून रोप लावू नये.

फळझाडांच्या बाबतीत आणखी एक हिशेब ध्यानात घ्यावा. आंब्यासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा सांगितला जातो. दीड फूट रुंदीचे मळसूत्र तीन फूट खोल गेले, तरी त्या खड्ड्याच्या जेमतेम सातव्या हिश्शाइतकी माती निघते. डाळिंबासाठी सांगितलेल्या दोन फुटी खड्ड्यास दोन फुटी मळसूत्र जवळपास पुरे पडते. भाडे ठरविताना भोकांची संख्या पाहण्यापेक्षा मळसूत्राची रुंदी आधी विचारावी, असे आमचे मत आहे. शहरातील पदपथावर मात्र ही चर्चाच नको. खाली पाण्याचे नळ व विजेच्या तारा असतात आणि ट्रॅक्टर वळविण्यास जागा नसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मिनिटास ५४० म्हणजे सेकंदास ९ फेरे. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा सदऱ्याची बाही त्या दांड्यात अडकली, तर हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. कठीण जमिनीत मळसूत्र उतरेना, की घरचाच एखादा तरुण त्याच्या आडव्या दांड्यावर भार देण्यास उभा राहतो. असे कदापि करू देऊ नये. मळसूत्र मुळात किंवा दगडात अडकल्यास यंत्र वाचावे म्हणून एक शिअर बोल्ट मुद्दाम तुटण्याजोगा ठेवलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्या जागी हाती लागेल तो लांब बोल्ट घालण्याची खोड अनेकांना असते. त्याचे बाहेर आलेले टोकच कपडा पकडते. अडकलेले मळसूत्र सोडवावयाचे तर आधी इंजिन बंद करावे, आणि मग मोठ्या पान्याने ते हातांनी उलटे फिरवावे. भोकाच्या काठची माती ओढण्यासही यंत्र थांबल्यावरच पुढे व्हावे. पाहावयास जमलेल्या मुलांना दूर, शक्यतो घरीच ठेवावे.

काम संपून ट्रॅक्टर निघून गेला तरी भोके उरतात. फूटभर रुंद व तीन फूट खोल भोकात लहान मूल डोके खाली होऊन पडू शकते, वासराचा पाय मोडू शकतो. रात्री पाऊस आल्यास तीच भोके पाण्याने भरून दिसेनाशी होतात. त्या दिवशी जितके खांब रोवता येतील तितकीच भोके पाडावीत. उरलीच, तर तिन्हीसांजेपूर्वी प्रत्येकावर फरशी किंवा जड फळी टाकून ती मोजून घ्यावीत.