गोठ्यातला इतिहास: लाल कंधारी, देवणी आणि आपण

१/ धुळे–सोलापूर महामार्गाने चौसाळ्यावरून जाताना आपण इतिहासप्रेमी पुढच्या किल्ल्याची वाट पाहत असतो. बांधावरच्या तांबड्या गाईकडे किंवा काळ्या शेळ्यांच्या कळपाकडे लक्ष जात नाही. माझ्या मते तोही इतिहासाचा पुरावाच आहे, आणि तो किल्ल्यापेक्षा लवकर नाहीसा होऊ शकतो. त्याविषयी हा धागा.

२/ मराठवाड्याचे दोन गोवंश विख्यात आहेत. कंधार परिसरातला गडद तांबडा लाल कंधारी आणि लातूर-बीदर पट्ट्यातला देवणी. रंगावरून देवणीचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार पडतात.

३/ चौथ्या शतकातल्या सोमदेवराय राजाने लाल कंधारीला आश्रय दिला, असे पशुसंवर्धनाच्या पुस्तिकांत वारंवार आढळते. समकालीन लेखाचा आधार मात्र सोबत नसतो. कंधार हे राष्ट्रकूटकालीन नगर खरे. पण नगर जुने म्हणून गाय तितकीच जुनी ठरत नाही.

४/ दंतकथा बाजूला ठेवली तरी पुरावा उरतो. कोणता गोऱ्हा वळू म्हणून राखायचा आणि कोणता औताला जुंपायचा, हे शेतकरी पिढ्यानपिढ्या ठरवत आला. त्या निर्णयांची बेरीज म्हणजे जात. या निरक्षर माणसांनी मागे ठेवलेला हा दस्तऐवज आहे.

५/ असे दस्तऐवज इतरांनी कसे जपले? आर्टुर हॅझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कॅन्सेन हे खुले संग्रहालय उभारले. तेथे जुन्या घरांबरोबर जुन्या जातींची जनावरेही पाहता येतात. स्वीडनमध्ये पुढे पशुपालकांच्या संघटनांनी दुर्मीळ जातींचे छोटे कळप अनेक शेतांवर वाटून सांभाळले. एखादा गोठा रिकामा झाला तरी वंश टिकावा, हा हेतू.

६/ आपल्याकडे अंबाजोगाई तालुक्यातील साकूड येथे लाल कंधारी आणि देवणीच्या संवर्धन प्रक्षेत्राला शासनाने मान्यता दिली आहे. हे स्वागतार्हच, पण केवळ सरकारी कुंपणाआड वंश जगत नाही.

७/ शेजारची उस्मानाबादी शेळी पाहा. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी जातीचे नाव लोकांच्या तोंडी तेच आहे. तिच्या पाठीशी कोणा राजाची कथा नाही. ती काटक आहे, अनेकदा जुळी देते आणि अडीनडीला बाजारात पैसा मिळवून देते. म्हणून ती दारोदारी टिकली.

८/ बैलाचे तसे नाही. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या गाड्यांना बैल अजून दिसतात. पण तेथेही यंत्रे आली आहेत. काम संपले की गोऱ्हा ओझे होतो, आणि दूध बेताचे असल्याने गाईच्या जागी संकरित गाय येते.

९/ या शेतकऱ्याला दोष देणे अन्याय्य आहे. कोरडवाहू रानात चारा विकत घेऊन त्याने आपल्या इतिहासप्रेमाचा खर्च का सोसावा? जातिवंत वळू राखणाऱ्याला दरवर्षी ठरावीक मोबदला मिळाला पाहिजे. स्मारकाच्या डागडुजीवर सार्वजनिक पैसा खर्च होतो, तसाच हाही खर्च मानावा.

१०/ तोवर आपण एक करू शकतो. पुढच्या गडभ्रमंतीत पायथ्याच्या गोठ्यात थांबा. जनावराची जात, वळू कोठून आणला, आजोबांच्या काळी दावणीला काय होते, हे विचारा आणि मालकाच्या संमतीने टिपून ठेवा. शिलालेखाचा ठसा नंतरही घेता येईल. ही माहिती सांगणारी माणसे मात्र थकत चालली आहेत.