घरात माणसे सहा, यंत्रे किती?

घरात माणसे किती, असे जनगणनेच्या माणसाने दारात येऊन विचारले, तर कोणतीही गृहिणी क्षणाचाही विचार न करता सांगते. रेशन कार्डावर नावे किती, तांदूळ किती दिवस पुरेल, गॅसचा नंबर कधी लावला, हेही तिला तोंडपाठ असते. मात्र घरातल्या किती वस्तू इंटरनेटला जोडलेल्या आहेत, असे विचारले की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, "असतील तीन-चार मोबाईल." या महिन्यात वाचकांनी हीच मोजदाद करावी, असे आम्हांला वाटते. ती का करावी, तेही सांगतो.

एक घर डोळ्यांसमोर आणू. समजा, महाड किंवा रत्नागिरीकडचे सहा माणसांचे घर आहे. अब्बा, अम्मी आणि कॉलेजातला मुलगा यांचे तीन फोन झाले. मुलाचा लॅपटॉप चौथा. करोनाच्या काळात शाळा घरात आली तेव्हा मुलीसाठी घेतलेला टॅब पाचवा. टीव्ही सहावा आणि त्याच्या खालचा सेट-टॉप बॉक्स सातवा. दारावरच्या आणि अंगणातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डबा आठवा. दादीच्या खोलीत, ती पडली-झडली तर कळावे म्हणून लावलेला छोटा कॅमेरा नववा. प्रिंटर दहावा, रंग बदलणारा बल्ब अकरावा. दुबईहून येताना चाचांनी आणलेला बोलका स्पीकर बारावा. काच फुटली म्हणून बाजूला ठेवलेला, पण धाकटा अजूनही ज्यावर गेम खेळतो तो जुना फोन तेरावा. खाली किराणा दुकान असेल तर "इतके रुपये प्राप्त झाले" असे ओरडून सांगणारा डबा चौदावा, कारण त्याच्या पोटात त्याचे स्वतःचे सिम कार्ड असते. दादीचा बटणांचा फोन आम्ही धरलेला नाही. राऊटरही धरलेला नाही. "तीन-चार" म्हणणाऱ्या घरात मोजायला बसले की आकडा हा असा वाढत जातो.

हे सारे एका दिवसात आलेले नाही. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचे. कोणी संगणक लावून बसले की घरचा फोन अडकायचा आणि आखातातून येणारा कॉल लागत नसे. एक घर, एक तार, एक संगणक असा हिशेब होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि फोन हाताहातात गेला. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या वर्गासाठी दुसरा-तिसरा फोन घ्यावा लागला. पुढे फायबरची तार घरात आली आणि तिच्याबरोबर राऊटर आला. राऊटर आल्यावर वस्तू जोडायला वेगळा खर्च उरला नाही. पासवर्ड टाकला की झाले. म्हणूनच आकडा वाढला आणि कोणाच्या लक्षात आला नाही.

आता मोजायचे कसे ते पाहू. आठवून मोजलेला आकडा नेहमी कमी भरतो, राऊटर मात्र चुकत नाही. राऊटरच्या मागे चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. घरच्या वायफायवर असताना तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की राऊटरचे पान उघडते. त्यात जोडलेल्या यंत्रांची यादी असते. काही कंपन्यांच्या ॲपमध्येही ही यादी दिसते. यादीतील काही नावे ओळखीची निघतील, काही नुसती अक्षरे आणि आकडे असतील. त्याने घाबरून जाऊ नये. नवे फोन सुरक्षिततेसाठी आपला खरा क्रमांक लपवून राऊटरला वेगळाच क्रमांक सांगतात. अशा वेळी एकेका वस्तूचे वायफाय बंद करावे आणि यादीतून कोणते नाव गेले ते पाहावे. घरातल्या सगळ्या वस्तू बंद केल्यावरही यादीत कोणी उरले, तर तो पाहुणा कोण याचा शोध घ्यायलाच हवा.

कारण यात एक गोष्ट दडलेली आहे. १९८१ साली इंटरनेटच्या पत्त्यांची जी पद्धत ठरली, तिच्यात साधारण ४२९ कोटी पत्ते मावतात. तेव्हा ते भरपूर वाटले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. नवी, कितीतरी मोठी पद्धत ६ जून २०१२ पासून जगभर कायमची सुरू झाली, पण जुनी अजूनही चालतेच. तिच्यात राऊटर एक युक्ती करतो. आपल्याला जोडलेल्या घरातल्या प्रत्येक यंत्राला तो आतला वेगळा क्रमांक देतो आणि बाहेर मात्र सगळ्यांना एकाच पत्त्यावरून पाठवतो. एका घराची टपाल एकाच दारातून जावी, तसे हे आहे.

याचा अर्थ असा की आपल्या वायफायवरून शेजाऱ्याच्या पोराने काही केले, भाडेकरूने केले किंवा दोन वर्षांपूर्वी पासवर्ड घेऊन गेलेल्या कोणा ओळखीच्याने केले, तरी बाहेर दिसते ते आपलेच दार. एखाद्या गैरप्रकाराचा तपास निघाला, तर पहिली विचारणा होते ती जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला. आपल्या मोहल्ल्यांत पासवर्ड मागणे आणि देणे हा शेजारधर्माचाच भाग झाला आहे. शेजारधर्म सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय चालू करण्याची सोय असते. तिचा पासवर्ड वेगळा ठेवावा आणि अधूनमधून बदलावा. मुख्य पासवर्ड घरच्यांपुरताच असावा.

दुसरा धोका वस्तूंच्या आतून येतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले घरगुती कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारे डबे आणि राऊटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्याची पद्धत अगदी साधी होती. कारखान्यातून वस्तू ज्या ठरावीक नाव-पासवर्डाने निघतात, अशा साठेक जोड्या तो एकामागून एक लावून पाहायचा. ज्यांनी पासवर्ड बदललाच नव्हता, त्यांचे दार उघडायचे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांच्या फौजेने डिन या अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा तासन्‌तास कोलमडल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले, त्यांना बहुधा पत्ताही लागला नसेल. कॅमेरा तर चालू होता आणि चित्रही दिसत होते.

कॅमेरा बसवणारा माणूस काम संपवून जाताना पासवर्ड कागदावर लिहून देतो किंवा "सगळीकडे हाच ठेवतो" म्हणून मोकळा होतो. तो पासवर्ड त्याच दिवशी बदलायला हवा. कॅमेरा आपल्या घराचा आहे, पण त्याची किल्ली बसवणाऱ्याकडेही राहिलेली असते.

घरातल्या कॅमेऱ्याबद्दल आणखी एक बोलायचे आहे, कारण हा प्रश्न अनेक घरांत दबक्या आवाजात निघतो. दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये, अशी सूरह नूरमध्ये आज्ञा आहे. त्याच सूरहमध्ये फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर घरातल्या मुलांनीसुद्धा विचारूनच आत यावे, असे सांगितले आहे. आपल्या घरांत हे शिकवले जाते, पाळलेही जाते. मग दिवाणखान्यात किंवा माजघरात लावलेला कॅमेरा चोवीस तास आत असतो, त्याला इजाजत कोणी दिली? परगावी असलेला मुलगा फोन उघडून घरात डोकावतो, तेव्हा भावजय डोक्यावरची ओढणी बाजूला ठेवून काम करत असते. तिला कोणी विचारलेले असते का? दादीच्या खोलीतला कॅमेरा काळजीपोटी आहे, हे खरे. तरीही तो कधी चालू असतो, कोणाकोणाच्या फोनवर दिसतो, हे दादीला तिच्या भाषेत सांगायला हवे आणि कपडे बदलताना तो बंद कसा करायचा तेही दाखवायला हवे. एका बटणाचा स्विच लावून दिला तरी पुरते. कॅमेरे दारावर, जिन्यात, अंगणात असावेत. आत लावायचाच असेल, तर घरातल्या बायकांशी बोलून लावावा.

मोजणीत आणखी एक रकाना आम्ही घालायला सांगू. ती वस्तू कोणाच्या हातात असते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाईल असल्याचे आढळले. कधीतरी इंटरनेट वापरले आहे, असे सांगणाऱ्या स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. चौदा वस्तूंच्या घरातही मुलीचा टॅब धाकट्याकडे गेलेला असतो, अम्मीचा फोन म्हणजे मुलाने टाकून दिलेला असतो आणि बँकेचा ओटीपी अब्बांच्याच नंबरावर येतो. अम्मीच्या नावावर खाते आहे, पण त्यात काय चालले आहे ते तिला विचारूनच कळते. नवा स्पीकर किंवा बल्ब घेण्याआधी घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडे तिचा स्वतःचा, नीट चालणारा फोन वा संगणक आहे की नाही, हे आधी पाहावे.

वेग मिळत नाही ही तक्रारही आकड्याशी जोडलेली आहे. वायफायच्या एका वाटेवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीची थांबतात. जुने, मंद यंत्र बोलायला जास्त वेळ घेते आणि सगळ्यांना थांबवते. शिवाय जांभ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झची लहर फार पुढे जात नाही, २.४ ची जाते, पण तिचा वेग कमी असतो. म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी राऊटर कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवून पाहावा. विजेचा हिशेबही छोटा नाही. १० वॉटचा राऊटर दिवसरात्र चालला, तर महिन्याला ७ युनिटांहून थोडे अधिक होतात. कॅमेरे आणि त्यांचा डबा मिळून ३० वॉट धरले, तर साधारण २२ युनिट.

वहीत चार रकाने आखावेत. वस्तू कोणती, कोणाच्या हातात, पासवर्ड कोणाला माहीत, आणि खरोखर लागते का. जी लागत नाही तिचे वायफाय काढून टाकावे. जुना फोन विकताना किंवा भंगारात देताना सगळे पुसून, कारखान्यातून आल्यासारखा करूनच द्यावा, त्यात घरातल्या बायका-मुलांचे फोटो असतात. सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत, हे पाहता येते. त्यात अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करावी. फसवणुकीत पैसे गेले, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. तासाभराचा उशीरही महाग पडतो. हा नंबर दादीच्या बटणांच्या फोनमध्येही साठवून ठेवावा.

येत्या रविवारी जेवणानंतर सगळे घरात असताना ही वही घेऊन बसावे. लिहायचे काम घरातल्या मुलीला द्यावे. यादी पुरी झाली की राऊटरचा पासवर्ड तिच्याच हातून बदलून घ्यावा आणि तो अम्मीलाही सांगावा.