बॅ. अंतुले यांच्या कारकिर्दीची जमा-नावे

नांदेडच्या इतवाऱ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, राजकारणाची गोष्ट निघाली की आपल्या लोकांचे बोलणे मर्हूम बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांच्यापाशी येतेच. ‘आपला माणूस मुख्यमंत्री झाला होता,’ म्हणून एकजण उसासा टाकतो. दुसरा ‘सिमेंट’ एवढा एकच शब्द उच्चारतो आणि विषय संपतो. आम्हा कापडवाल्यांना हा हिशेब पटत नाही. जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय शिल्लक काढता येत नाही.

रायगड जिल्ह्यातील आंबेत गावी 1929 साली जन्मलेला हा माणूस बॅरिस्टर झाला, 1962 साली आमदार झाला आणि 9 जून 1980 रोजी महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. या राज्याला झालेला तो एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. खुर्ची दीड-पावणेदोन वर्षेच टिकली. परंतु तेवढ्यात जे झाले, त्याचा उपयोग मराठवाड्याचा व्यापारी आजही करतो. बहुतेकांना त्याची आठवण राहिलेली नाही, इतकेच.

आम्ही औरंगाबाद खंडपीठाबद्दल बोलत आहोत. 1956 पर्यंत आपला हायकोर्ट हैदराबादला होता. जुने दस्तऐवज उर्दूत, वकील ओळखीचे, शहरही आपलेसे. राज्यपुनर्रचना झाली आणि नांदेडच्या माणसाला मुंबई गाठावी लागली. मीटरगेजच्या गाडीने मनमाड, तेथे गाडी बदलून पुढे. लातूरकरांच्या नशिबी तर कुर्डुवाडीपर्यंत नॅरोगेज! दुकानाच्या भाड्याचा वाद असो, वक्फच्या जमिनीचा असो की विक्रीकराचा, मुंबईचे वकील, मुक्काम आणि पडणाऱ्या तारखा यांचा खर्च पाहून लहान दुकानदार हक्क सोडून देत असे. खंडपीठाची मागणी जुनी होती, त्यासाठी पुष्कळांनी खस्ता खाल्ल्या. ते श्रेय एकट्या अंतुल्यांचे नव्हे. परंतु मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने 27 ऑगस्ट 1981 रोजी औरंगाबादेत न्यायमूर्ती बसू लागले, ते अंतुले सरकारच्या काळात. त्याला आव्हान दिले गेले. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले, आणि 1984 साली खंडपीठ कायम झाले. सरकारे आली, गेली. शहराचे नावही आता छत्रपती संभाजीनगर झाले. पण मुंबईची वारी जी वाचली ती वाचलीच. संजय गांधी निराधार अनुदान योजनाही 1980 चीच. आपल्या मोहल्ल्यांतील कित्येक विधवांच्या घरी ती रक्कम आजही येते.

आता नावेची बाजू.

ज्यांनी कंट्रोलचा जमाना पाहिला नाही, त्या तरुण व्यापारी बंधूंना सांगितले पाहिजे की तेव्हा सिमेंट पैसे टाकून मिळत नसे. दुकानाचा स्लॅब टाकायचा तर पोत्यांसाठी अर्ज, शिफारस, परमिट. उघड भाव एक आणि काळ्या बाजाराचा भाव दुसरा. कंट्रोलचे कापड विकणाऱ्यांना हा खेळ नवा नव्हता. अशा काळात मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान व इतर ट्रस्ट काढले आणि बिल्डरांच्या देणग्या तेथे जमा होऊ लागल्या. 31 ऑगस्ट 1981 रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण छापले. खंडपीठ सुरू होऊन चारच दिवस झाले होते! 12 जानेवारी 1982 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निर्णय दिला आणि त्याच महिन्यात अंतुले पायउतार झाले. पुढे भ्रष्टाचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1988 साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले की, हा खटला उच्च न्यायालयाकडे सोपविणेच कायद्याला धरून नव्हते.

‘मुसलमान होते म्हणून घालवले,’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मत्सर करणारे असतीलही. पैसा कलावंत-साहित्यिकांसाठी होता, हेही खरे असेल. पण ज्याच्याकडे देणगी द्यायला लाख रुपये नव्हते, तो नांदेडचा दुकानदार पोत्यांसाठी रांगेतच उभा राहिला ना? त्यात आपलेही लोक होते. आणखी एक गोष्ट पाहा. अंतुले गेल्यानंतर पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी 1982 मध्ये, केंद्राने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले आणि 1989 साली पूर्ण उठविले. परमिटच नाही म्हटल्यावर त्यासाठी देणगी कोण देणार?

हा रोग आपल्याच मुलखाचा नाही. मलेशियाच्या रफीदा अझीझ 1987 पासून 2008 पर्यंत व्यापार व उद्योग खात्याच्या मंत्री होत्या. मोठ्या कर्तबगार बाई. 2005 साली परदेशी मोटारींच्या आयात-परवान्यांवरून गदारोळ उठला, आणि माजी पंतप्रधान महाथिर यांनीच जाब विचारला. परवाने मोजक्या लोकांना कसे मिळाले, एवढाच प्रश्न होता. मलायातही अर्जदार रांगेतच होते.

अंतुल्यांना दुसरी संधी मिळाली ती म्हातारपणी. जानेवारी 2006 मध्ये केंद्रात अल्पसंख्याक खाते नव्याने निघाले, त्याचे ते पहिले मंत्री. सच्चर समितीचा अहवाल त्याच वर्षी संसदेसमोर आला, आणि मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. येथे कुणाच्या ट्रस्टचा संबंध नव्हता. उत्पन्नाची मर्यादा आणि गुणांची अट छापलेली, अर्ज कोणीही करावा. मात्र विकासासाठी जे 90 अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्राचे चारच : परभणी, हिंगोली, वाशीम, बुलढाणा. नांदेड आणि लातूर बाहेर राहिले. तेव्हा आपल्या व्यापाऱ्यांनी कोणता आवाज उठविला, ते आम्हांला तरी आठवत नाही. 2008 च्या डिसेंबरात करकरे यांच्या मृत्यूविषयी अंतुल्यांनी केलेल्या विधानावर मात्र प्रत्येक दुकानात महिनाभर चर्चा चालली. 2009 साली ते रायगडमधून हरले, आणि 2 डिसेंबर 2014 रोजी अल्लाहला प्यारे झाले.

पहिली ते आठवीच्या मुलांची ती केंद्राची शिष्यवृत्ती 2022-23 पासून बंद झाली आहे. तेव्हा ती फक्त नववी-दहावीपुरतीच ठेवली गेली. आमदार-खासदार दुकानी चहाला येतात तेव्हा आपण एनओसी, गाळा, पोराची बदली एवढेच मागतो. नांदेड आणि लातूरच्या व्यापारी मंडळींनी येत्या बैठकीत हा एकच विषय घ्यावा, आणि आपल्या खासदाराला लेटरहेडवर लेखी विचारावे की या प्रश्नावर लोकसभेत तुम्ही काय बोललात.