धनादेश कोणाच्या हाती?

कागदी धनादेश आता कालबाह्य झाला, असा निर्वाळा देण्याची अनेकांना घाई झाली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे पैसे क्षणार्धात पोचतात, हे खरे. परंतु व्यापारातला खरा प्रश्न पैसे किती वेगाने पोचतात हा नसून देणेकरी ते केव्हा देतो, हा आहे. उधारीवर माल देणाऱ्या लहान कारखानदाराच्या हाती पुढील तारखेचा धनादेश हेच एक शस्त्र असते. तो न वटल्यास १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. 'उद्या पाठवतो' या तोंडी आश्वासनामागे असे कोणतेही बळ नाही.

मात्र हेच शस्त्र उलटतेही. गरजूकडून कोऱ्या धनादेशांवर सह्या घेऊन ठेवणारा सावकार याच कलमाचा धाक घालतो. म्हणूनच कागद की यंत्र, हा वाद गौण आहे. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगांची देणी चुकती करण्यास कमाल ४५ दिवसांची मुदत घातली आहे. तिची सक्तीने अंमलबजावणी व्हावी आणि कोरा धनादेश तारण घेण्यास बंदी असावी. तोवर धनादेश मोडीत काढण्याचा सल्ला बड्या देणेकऱ्यांच्याच सोयीचा ठरेल.