संमतीपत्रावर सही करताना

३ जानेवारी २०२२ ला सावित्रीमाईंची जयंती झाली. सरकारदरबारी हा आता महिला शिक्षण दिन आहे. मंत्र्यांनी फोटोला हार घातले, आम्हीही विहारात घातले. त्याच दिवशी मुंबई महापालिकेने पहिली ते नववीचे वर्ग ३१ जानेवारीपर्यंत बंद ठेवत असल्याचे जाहीर केले. आठवडाभरात राज्य सरकारने साऱ्या महाराष्ट्रातल्या शाळांना १५ फेब्रुवारीपर्यंत कुलूप लावायचा आदेश काढला. मॉल आणि हॉटेलांना मात्र निम्म्या क्षमतेने, रात्री दहापर्यंत मुभा राहिली. मग ओरड झाली, आणि २० जानेवारीला शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी सांगितले की २४ तारखेपासून शाळा पुन्हा उघडतील. निर्णय स्थानिक प्रशासनाने घ्यायचा, आणि आपले मूल पाठवायचे की नाही ते पालकांनी ठरवायचे. त्यासाठी संमतीपत्र द्यायचे.

आम्हाला बोलायचे आहे ते या संमतीपत्राबद्दल.

दिसायला ही मोठी लोकशाही गोष्ट वाटते. सरकार पालकांना विचारते आहे! पण विचारण्यात अर्थ कधी असतो? दोन्ही पर्याय हातात असतील तेव्हा. ज्या घरात लॅपटॉप आहे, वायफाय आहे, मुलाला बसायला वेगळी खोली आहे आणि शेजारी बसून समजावणारी शिकलेली आई किंवा बाप आहे, त्या घरापुढे खरोखर दोन वाटा आहेत. आमच्या वस्तीतल्या घरापुढे एका बाजूला शाळा आहे आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे पालकाला "तुमची निवड काय?" असे विचारणे म्हणजे उपाशी माणसाला तुझा उपास कडक की फराळाचा असे विचारण्यासारखे आहे.

हे महामारीत अचानक कळलेले सत्य नव्हे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सरकारच्याच यंत्रणेने मोजले होते की ग्रामीण भारतात जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक आहे आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आहे. शहरांत हेच आकडे २३.४ आणि ४२ टक्के. म्हणजे मार्च २०२० मध्ये शाळा बंद करताना सरकारला पक्के ठाऊक होते की ऑनलाइन शिक्षण कोणापर्यंत पोहोचणार आणि कोणापर्यंत नाही. तरी एप्रिलमध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाची अभ्यासमाला सुरू झाली. त्यात राबलेल्या शिक्षकांबद्दल आमची तक्रार नाही. सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली'चा काही मुलांना उपयोगही झाला. पण "शिक्षण आहे" हा दावा कोणाच्या भरवशावर केला?

वस्तीतला फोन कसा चालतो ते बघा. घरात एक फोन. तो बापाकडे, कारण नाक्यावर काम सांगणारा ठेकेदार त्याच फोनवर बोलावतो. आई सकाळी धुण्याभांड्याला जाते. तीन मुलांचे तीन वर्ग, तिघांची लिंक दिवसा. बाप रात्री आठला घरी येतो तेव्हा व्हॉट्सॲप गटावर पीडीएफ येऊन पडलेल्या असतात आणि गृहपाठाचे फोटो पाठवा असा तिसऱ्यांदा निरोप आलेला असतो. मग फोन आधी मुलाला मिळतो. मुलीची पाळी येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असतो. त्यात डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांनी दर वाढवले, १९९ चा रिचार्ज २३९ ला गेला. हे चाळीस रुपये चर्चा करणाऱ्यांना दिसत नाहीत. घरकाम करणाऱ्या बाईला दिसतात.

याचा परिणाम मोजला गेला आहे. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये सुमारे १४०० मुलांच्या घरी जाऊन पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ८ टक्के निघाली. ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. आता जात बघा. ग्रामीण दलित आणि आदिवासी मुलांमध्ये नियमित ऑनलाइन शिकणारी फक्त ४ टक्के, इतर ग्रामीण मुलांमध्ये १५ टक्के. याला वर्तमानपत्रे 'डिजिटल दरी' म्हणतात. दरी म्हटले की ती निसर्गाने केलेली वाटते, कोणी खणली हे विचारायची गरज उरत नाही. त्याच अहवालात झारखंडच्या लातेहार जिल्ह्यातल्या कुटमू गावाची हकीकत आहे. गावात बहुतेक घरे दलित-आदिवासींची, शिक्षक मात्र उच्च जातीचे. तिथे तपासलेल्या दलित-आदिवासी मुलांपैकी एकालाही सलग वाचता आले नाही. ही मुले शिकली तर आमच्या शेतात राबणार कोण, असे बोलून दाखवणारी माणसेही पाहणी करणाऱ्यांना भेटली. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही जातीच्या पुनरुत्पादनावर पानेच्या पाने लिहिली आहेत. ते दोन वर्षांत, कुलूपबंद शाळेच्या दारात, इतक्या उघडपणे चालेल असे तेव्हा वाटले नव्हते.

आणि पालक? याच पाहणीत ग्रामीण दलित-आदिवासी पालकांपैकी ९८ टक्क्यांना शाळा लवकरात लवकर उघडायला हव्या होत्या. महाराष्ट्रातही जुलै २०२१ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पालकांचे मत घेतले. जवळपास ७ लाख पालकांनी भाग घेतला, ८१ टक्क्यांहून अधिकांनी शाळा उघडा म्हटले. हे सर्वेक्षण ऑनलाइन होते! म्हणजे ज्यांच्याकडे फोन नाही, ज्यांचे मूल दीड वर्ष अक्षरापासून तुटले आहे, ते या मोजणीत धरलेच गेले नाहीत. तरीही आकडा ८१. त्यानंतर १७ ऑगस्टपासून शाळा उघडण्याची घोषणा झाली, कृती दलाने हरकत घेतली, घोषणा मागे पडली. ज्यांचे मत मागितले त्यांचे ऐकले नाही, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा त्यांच्याकडूनच सही मागितली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वस्तीत घाबरलेले पालकही आहेत, आणि त्यांना अडाणी म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांशी आमचे भांडण आहे. एप्रिल-मे २०२१ विसरण्यासारखे नाही. ऑक्सिजनसाठी धावलेली, खाजगी दवाखान्याच्या बिलासाठी मंगळसूत्र मोडलेली घरे आमच्या ओळखीची आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत सासू खोकत असताना आई विचार करते की पोराने आजार आणला तर म्हातारीला ठेवायचे कुठे आणि नवऱ्याचा चौदा दिवसांचा रोज कोण देणार. हा शहाण्या बाईचा हिशोब आहे. पण त्या भीतीला उत्तर म्हणून तिच्या हातात कागद द्यायचा? उत्तर सरकारी दवाखान्यात खाट हे आहे, खिडक्या उघडणारा वर्ग हे आहे, नळाला पाणी हे आहे. संमतीपत्राने यातले काहीच मिळत नाही. त्याने होते इतकेच की उद्या काही घडले तर जबाबदारी तिची.

शिवाय शाळा बंद ठेवल्याने वस्तीतले मूल सुरक्षित राहिले, ही समजूत बंगल्यातली आहे. मूल घरात राहिलेच नाही, कारण राहण्याएवढे घर नाही. ते सार्वजनिक संडासाच्या रांगेत होते, नळावर होते, बोळात होते, बापाबरोबर बांधकामावर होते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या शरीरात कोरोनाची प्रतिपिंडे सापडली, इमारतींमध्ये १६ टक्के. पहिल्या चार महिन्यांतच विषाणू आमच्या गल्लीतून फिरून गेला होता. पुढे देशपातळीवरच्या चौथ्या पाहणीत ६ ते १७ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांत प्रतिपिंडे दिसली, आणि जुलै २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालकांनीच सांगितले की शाळा उघडायच्या तर प्राथमिक आधी उघडा. महाराष्ट्राने नेमके उलटे केले. मोठे वर्ग आधी, लहानगे शेवटी.

त्या लहानग्यांचे काय झाले ते मोजून बघा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल जानेवारी २०२२ मध्ये दुसरीत होते. त्या जूनमध्ये ते तिसरीत जाणार होते. ग्रामीण भागात त्याचा वर्ग उघडला १ डिसेंबर २०२१ ला आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बंद झाला. जेमतेम पाच-सहा आठवडे. मुंबईत १५ डिसेंबरला उघडला आणि ४ जानेवारीला बंद. तीन आठवडेसुद्धा नाहीत. या मुलाच्या हातात तिसरीचे पुस्तक देऊन कोणती गुणपत्रिका लिहिणार आहात? वरच्या टोकाला दहावीचा २०२१ चा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या आनंदात खालच्या टोकाला काय चालले आहे हे कोणी विचारले नाही.

आता थोडे आपल्यांशी. आपल्यात नोकरदार वर्ग तयार झाला आहे, याचा आम्हाला अभिमानच आहे. बँकेत, मंत्रालयात, आयटीत आपली माणसे आहेत. त्यांची मुले इंग्रजी शाळेत आहेत आणि "ऑनलाइन चालू ठेवा" असे निरोप त्यांच्या पालक-गटांवर फिरतात. आपल्या मुलाची काळजी करणे हा काही गुन्हा नाही. पण चळवळीच्या व्यासपीठावर 'पालकांची भूमिका' म्हणून हीच भूमिका मांडली जाते तेव्हा आमचा आक्षेप आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये फीमध्ये १५ टक्के सवलतीवर आपल्या गटांत किती हिरीरीने चर्चा झाली! जिल्हा परिषद शाळेच्या कुलपावर त्याच्या निम्मीही झाली नाही. हे नोकरदार कुठून आले? जिल्हा परिषदेच्या शाळेतून, समाजकल्याणच्या वसतिगृहातून, मिलिंद महाविद्यालयातून. ती वसतिगृहे दोन वर्षे बंद-चालू होत राहिली, गावाकडची पोरे गावातच अडकली, आणि आपण वेबिनार घेत बसलो. १४ एप्रिलची जयंती आपण घरात साजरी केली, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी केली नाही, ते बरोबरच केले. अभिवादन घरून करता येते. पहिलीतल्या पोराला 'क' गिरवायला घरून शिकवता येत नाही, निदान ज्याच्या घरात 'क' ओळखणारे कोणी नाही त्याला तरी नाही.

बाबासाहेबांच्या नावाने घोषणा देणाऱ्यांनी त्यांचे १२ मार्च १९२७ चे मुंबई कायदे कौन्सिलातले भाषण काढून वाचावे. महाडचा सत्याग्रह आठ दिवसांवर आला होता, आणि हा माणूस कौन्सिलात शिक्षणाच्या तरतुदीचा हिशोब मांडत होता. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभरापैकी अठराच मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. शाळेत पाऊल टाकलेले मूल पुन्हा निरक्षर होता कामा नये, ही त्यांची कसोटी होती. आणि दारूवरच्या करातून सरकार जनतेकडून जेवढे घेते तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. आता महाराष्ट्राचे वेळापत्रक समोर ठेवा. दारूची दुकाने उघडली मे २०२० मध्ये. बार उघडले ५ ऑक्टोबर २०२० ला. पहिलीचा वर्ग उघडला १ डिसेंबर २०२१ ला, तोही ग्रामीण भागात. बार आणि बालवाचन यांच्यात चौदा महिन्यांचे अंतर. तेव्हाच्या शिक्षणमंत्री धारावीच्या आमदार होत्या. दहा बाय दहाच्या खोलीत ऑनलाइन वर्ग कसा भरतो हे त्यांना आम्ही सांगायची गरज नसावी.

शिक्षण हक्क कायद्यात 'सक्तीचे' असा शब्द आहे. आपल्याला वाटते सक्ती पालकावर. तसे नाही. त्या कायद्यातली सक्ती सरकारवर आहे: ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला दाखल करून घेणे, त्याची हजेरी आणि शिक्षण पूर्ण होईल असे पाहणे हे शासनाचे कर्तव्य आहे. संमतीपत्र या कर्तव्याला वळसा घालते. पालक सही करत नाही, मूल येत नाही, आणि शाळा म्हणते की त्यांचीच इच्छा नव्हती. उसाच्या फडावर आईबापाबरोबर गेलेल्या बीडच्या मुलाचे संमतीपत्र कोण भरणार? चौदाव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुलीचे?

म्हणून वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी या आठवड्यात कामाला लागावे. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. बहुतेक ठिकाणी ती कागदावर आहे, आपल्या आयाबायांचे अंगठे आधीच घेऊन ठेवलेले असतात. तिची बैठक मागा. घरोघर जाऊन, मार्च २०२० च्या हजेरीपटावर असलेले पण आज नसलेले प्रत्येक नाव लिहून काढा: कुठे गेले, कोणत्या कामावर आहे, कोणत्या गावी दिले. ती यादी मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. शिजवलेला आहार वर्गाबरोबरच सुरू व्हायला हवा, कोरडा तांदूळ पोत्यात भरून देऊन चालणार नाही. ऊसतोड पट्ट्यातली हंगामी वसतिगृहे आणि शहरांतली मागासवर्गीय वसतिगृहे त्याच आदेशात उघडली पाहिजेत. विहार आहेत तिथे संध्याकाळी वाचनवर्ग लावा, पण तो शाळेचा पर्याय आहे असे कोणत्याही अधिकाऱ्याला बोलू देऊ नका.

आणि संमतीपत्र? आईबापांना सही करायला सांगा. जे घाबरतात त्यांच्याजवळ बसा, वर्ग स्वतः बघून या, खिडक्या उघडतात का, पाणी आहे का, मग बोला. सहीच्या वर त्यांच्या शब्दांत लिहा की मूल आम्ही हक्काने पाठवतो आहोत, त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी शासनाची आहे आणि पुढच्या लाटेत शाळा सगळ्यात शेवटी बंद करावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे लिहून द्यायला २४ तारखेला सकाळी शाळेच्या फाटकावर आपल्यातले दोघे तरी पेन घेऊन उभे असले पाहिजेत.